फौजी माणसाचे लेखन

येथे वर्षभर मनात सलत राहिलेली एकच गोष्ट मांडावयाची आहे. ‘परमुलूख’ हा या दिवाळी अंकाचा विषय जाहीर होताच नेरच्या आमच्या कचेरीत सैनिकांवरील कवितांचा ढीग जमला. त्यांत रक्त होते, तिरंगा होता, वीरमातेचे अश्रू होते, परंतु सैनिकाने स्वतः लिहिलेली ओळ एकही नव्हती. जवानाने साहित्याचा विषय व्हावे, साहित्यिक होऊ नये, असा दंडकच आपण घालून ठेवला आहे.

पहिल्या महायुद्धात लष्करी वैद्य म्हणून रुजू झालेल्या कॅप्टन गो. गं. लिमये यांनी ‘सैन्यातील आठवणी’ लिहिल्या. पण त्यांना विनोदी कथाकार म्हणून ओळखणारे रसिकही या पुस्तकापाशी क्वचितच थांबतात. १९५३ साली कोरियात भारतीय सैन्याचे नेतृत्व करणाऱ्या शं. पां. पा. थोरातांचे आत्मचरित्र इंग्रजीत निघाले. हे तर अधिकारी. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत इराकमधील कूतच्या वेढ्यात उपासमार सोसणाऱ्या मराठा पलटणींतील साध्या शिपायांनी त्या दीर्घ रात्री काय रचले, काय गायिले, याचा शोध आपण कधी घेतला? लढाई घटका-दोन घटकांची, प्रतीक्षा महिनोन्‌महिन्यांची. आणि माणूस लिहितो, चितारतो, गुणगुणतो तो या प्रतीक्षेतच. त्याच महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवरील हिंदी शिपायांची पत्रे सेन्सॉरने उघडली, त्यांतील उतारे इंग्रजीत उतरवले, आणि ते आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत शाबूत आहेत. परक्या सरकारने संशयापोटी जे दप्तरी ठेवले, ते आपल्याला आपुलकीपोटीही ठेवता आले नाही, ही आम्हांस लाजिरवाणी गोष्ट वाटते.

म्हणून विनंती अशी की, गाझा, काँगो, श्रीलंका, लेबनॉन अशा कोणत्याही परमुलखात तैनातीवर राहून आलेल्या माणसाची वही, रेखाचित्रे, भजनांची चोपडी वा पत्रे ज्यांच्या घरी असतील, त्यांनी ती आमच्याकडे आणून द्यावीत. वऱ्हाडी बोलीला आणि मूळ लेखनाला हात न लावता, लेखकाच्या नावाने व रीतसर मानधन देऊन, ती पुढील दिवाळी अंकात पहिल्या पानापासून छापली जातील. मूळ कागद घरपोच परत मिळतील.