हायब्रिडची करमाफी वसूल होते का?

येळाकेळीच्या इंटरचेंजवरून समृद्धी महामार्गावर चढणाऱ्या विजेवरच्या मोटारीला टोल माफ आहे. राज्याच्या 2025 च्या विद्युत वाहन धोरणाने ही सूट दिली, वाहन करही माफ केला आणि या धोरणासाठी पाच वर्षांत 1,993 कोटी रुपयांची तरतूद केली. पेट्रोल आणि बॅटरी अशा दोन्हींवर चालणाऱ्या हायब्रिड मोटारींनाही सवलत मिळावी, ही मागणी जुनीच आहे. उत्तर प्रदेशने जुलै 2024 मध्ये अशा मोटारींचा नोंदणी कर माफ केला, तेव्हा तिला जोर आला. शेजारच्या नागपूरचे खासदार आणि केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनीही हायब्रिडवरचा जीएसटी 5 टक्क्यांवर आणावा, असा आग्रह धरला होता. म्हणणे असे की, आज सोडलेला कर उद्या स्वच्छ हवा, वाचलेले तेल आणि कमी झालेले आजार यांतून परत येतो.

तत्त्व म्हणून यात वावगे काही नाही. वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. महसूल सोडून आरोग्य घ्यावे, हा व्यवहार आपल्याला परका नाही. (तो कितपत पाळला जातो, हा वेगळ्या लेखाचा विषय.) पण सोडलेल्या रुपयाच्या बदल्यात काय मिळाले, हे विचारायलाच हवे.

हायब्रिडची खरी कमाई ब्रेकमध्ये आहे. गाडी थांबवताना एरवी उष्णता होऊन वाया जाणारी शक्ती ती बॅटरीत साठवते आणि पुन्हा हलताना वापरते. सिग्नलला, गर्दीत, रांगत चालताना इंजिन बराच वेळ बंद राहते. म्हणून मुंबई-पुण्याच्या कोंडीत हिचे ॲव्हरेज डोळ्यांत भरते. समृद्धीवर ताशी शंभरच्या वेगाने ब्रेक न लावता जाणाऱ्या गाडीत साठवायला काही उरतच नाही. तिथे ती जवळजवळ साधी पेट्रोल गाडीच असते. वर्ध्याहून नागपूर किंवा अमरावती गाठणाऱ्या मालकाचा फायदा म्हणूनच जाहिरातीपेक्षा कमी.

तरी उदार मनाने हिशोब करू. 20 लाखांची मोटार धरा. या किमतीच्या पेट्रोल गाडीवर महाराष्ट्रात 12 टक्के वाहन कर, म्हणजे 2 लाख 40 हजार रुपये. तो पूर्ण माफ केला. साधी गाडी लिटरला 14 किलोमीटर देते, हायब्रिड 20. वर्षाला 12 हजार किलोमीटर धावल्यास सुमारे 257 लिटर पेट्रोल वाचते, बारा वर्षांत तीन हजार लिटरच्या वर. एक लिटर जळाले की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे वाचला साधारण सात टन. टनामागे सरकारने मोजले 34 हजार रुपये. शिवाय न विकल्या गेलेल्या पेट्रोलच्या प्रत्येक लिटरमागे केंद्र आणि राज्य मिळून साधारण चाळीस रुपयांचा करही बुडाला, तो आणखी सव्वा लाख. तेलाची आयात कमी झाली हे खरे, पण ते पैसे तिजोरीत येत नाहीत, मालकाच्या खिशात राहतात.

आणि तो मालक करमाफी नसती तरी ही गाडी घेणार होता का? कॅनडातील प्रांतांनी हायब्रिडवर सूट दिली होती. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की, त्या काळात विकलेल्या हायब्रिडपैकी फक्त 26 टक्के सुटीमुळे विकल्या गेल्या. बाकीच्यांनी त्या तशाही घेतल्या असत्या. हेच प्रमाण इथे लावले, तर टनामागचा खर्च चौपट होतो. आपला अनुभवही गोड नाही. एप्रिल 2015 मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या फेम योजनेत नावापुरत्या हायब्रिड असलेल्या डिझेल गाड्यांनाही अनुदान मिळाले. ते थांबायला एप्रिल 2017 उजाडले.

हायब्रिडच्या बाजूने एक मुद्दा मात्र वजनदार आहे. विजेची गाडी जी वीज खाते, ती विदर्भात कोराडी-चंद्रपूरच्या कोळशावर तयार होते. किलोमीटरमागे कार्बन मोजला तर चांगली हायब्रिड आणि विजेची मोटार यांत आज फार मोठे अंतर नाही. धूर चौकातून निघून चिमणीत गेला, एवढेच. आणि ती चिमणीही आपल्याच भागात आहे.

पण छातीचा विचार केला तर धूर कुठे निघतो आणि कोण तो ओढतो, याला महत्त्व आहे. सूक्ष्म धूलिकणांची वार्षिक मर्यादा आपल्याकडे घनमीटरला 40 मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची 5. वर्ध्यात त्या धुळीला जळता कचरा, पेटवलेली पऱ्हाटी, चुली, उखडलेले रस्ते असे अनेक मालक आहेत. मोटारींपुरते बोलायचे, तर वर्धा-सेवाग्राम फेऱ्या मारणारी पेट्रोलची शेअर ऑटो दिवसाला 80 किलोमीटर, वर्षाला 300 दिवस धावते आणि साडेनऊशे लिटरच्या आसपास पेट्रोल जाळते. ती विजेवर आली की एका हायब्रिडच्या साडेतीनपट पेट्रोल वाचते, आणि धूर कमी होतो तो चालकाच्या, कस्तुरबा रुग्णालयात निघालेल्या दमेकऱ्याच्या नाकासमोर. एसटीची 'शिवाई' ही विजेवरची बस 1 जून 2022 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर सुरू झाली. दिवसभर धावणाऱ्या एका बसचा हिशोब खासगी मोटारींच्या कितीतरी पुढे जातो.

मार्च 2025 च्या अर्थसंकल्पात 30 लाखांवरच्या विजेच्या मोटारींना 6 टक्के कर सुचवला गेला आणि त्याच महिन्यात मागे घेतला गेला. तो परत आणावा. हायब्रिडला सूट द्यायचीच असेल, तर टॅक्सी आणि रुग्णवाहिकांना, चाललेल्या किलोमीटरवर द्यावी. राहिलेले पैसे आर्वी, हिंगणघाट, पुलगावच्या एसटी गाड्यांवर आणि ऑटोचालकांच्या कर्जाच्या व्याजावर खर्च करावेत.