फॉरमॅट मारावा लागेल!

ज्याच्या हातात वस्तरा आहे त्याच्याशी वाद घालू नये, असं आमचे वडील सांगत. हातात स्क्रू-ड्रायव्हर असलेला माणूसही त्यातच येतो, हे मला फार उशिरा कळलं. पण आता हजामत होऊन गेली आहे. तेव्हा वाद घालायला हरकत नाही.

माझा वाद माणसाशी नाही, एका वाक्याशी आहे : 'फॉरमॅट मारावा लागेल.' आमच्या लहानपणी साताऱ्यात कुठल्याही दुखण्यावर एकच तांबडं औषध मिळे. पण ते देणारे डॉक्टर निदान नाडी तरी बघत. जीभ बाहेर काढायला लावत. कॉम्प्युटरची जीभ बघायला मात्र कोणी तयार नाही. आणि गंमत अशी, की तो बिचारा ती स्वतःहून बाहेर काढून उभा असतो!

दोन पावसाळ्यांपूर्वी आमच्या कॉम्प्युटरचा पडदा एकाएकी निळा झाला. वर एक रडका चेहरा, खाली इंग्रजीत चार ओळी. मी दचकून बटण बंद केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. उचलला आणि नेला दुकानात. तिथल्या मुलानं तो सुरूसुद्धा केला नाही.

"काका, फॉरमॅट मारावा लागेल."

"अहो, पण पडद्यावर काहीतरी लिहून येतंय..."

"ते येतंच."

संध्याकाळी कॉम्प्युटर परत मिळाला. अगदी स्वच्छ. चोरी झालेलं घर असतं तसा. वडील शेवटची दोन वर्षं आपल्या आठवणी सांगत आणि मी त्या टाइप करीत असे. चौसष्ट पानं झाली होती. त्यातली एक ओळ शिल्लक नव्हती. "बॅकअप घ्यायचा ना, काका!" मुलगा म्हणाला. चूक माझीच होती, कबूल. पण घर पाडल्यानंतर 'आत कोणी होतं का?' असं विचारण्यातला हा प्रकार.

आणि तिसऱ्या दिवशी पडदा पुन्हा निळा!

सांगलीला माझा मेव्हणा हळदीच्या अडतीत हिशेब लिहितो. कॉम्प्युटर मांडीवर घेऊन एस.टी.नं कराडमार्गे त्याच्याकडे गेलो. त्यानं तो सुरू केला, निळा होऊ दिला आणि चष्मा लावून चक्क वाचला.

"दाजी, ह्यो काय म्हणतोय ते वाचलं का कुणी?"

'मेमरी मॅनेजमेंट' असं तो म्हणत होता. मेव्हण्यानं वायर काढून खोकं उघडलं. आत रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. आधी एकच लावून बघितली : ठीक. मग दुसरी एकटी : निळा पडदा. लेकीच्या दप्तरातलं खोडरबर घेऊन त्यानं त्या पट्टीचे सोनेरी दात घासले, पट्टी घट्ट बसवली, रात्रभर मेमरीची तपासणी लावून ठेवली. पावसाळी दमटपणानं दातांवर कीट चढलं होतं, असं त्याचं मत. चौसष्ट पानं गेली, ती खोडरबरानं बरं होणाऱ्या दुखण्यापायी!

मुळात हा पडदा म्हणजे बिघाड नव्हे. आत काही बिनसलं, की पुढं जाऊन डिस्कवर भलतंसलतं लिहिलं जाऊ नये, म्हणून यंत्र आपण होऊन थांबतं आणि थांबण्याचं कारण लिहून ठेवतं. १९९३ सालच्या विंडोज एनटीपासून ही रीत आहे. शिवाय बहुधा मिनिडंप नावाच्या फोल्डरमध्ये एक फाईलही ठेवतं. स्वतःचा पंचनामा स्वतः लिहिणारा असा मयत दुसरा दाखवा!

१८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हापासून सांगलीला पडदा म्हणजे काय ते ठाऊक आहे. पडदा मध्येच पडला, तर आत काय झालं ते बघायला माणूस पाठवतात. नाट्यगृह पाडायला घेत नाहीत.

'हे घरगुती ठीक आहे, मोठ्या दुखण्याला फॉरमॅटच हवा,' असं कोणी म्हणेल. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाईलनं जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळी पडली. आपल्याकडे विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. आणि उपाय काय सांगितला? यंत्र सेफ मोडमध्ये सुरू करा, ती एक फाईल पुसा, पुन्हा सुरू करा. एवढंच.

दुकानदाराची बाजूही आहे. फॉरमॅटचे पैसे आपण मुकाट्यानं देतो. पण कोणी दोन तास खपून 'नुसती पट्टी सैल होती' म्हणाला, तर 'एवढ्याचे कसले पैसे?' म्हणून हुज्जत घालतो. निदानाला किंमत नाही म्हटल्यावर वस्तराच चालणार.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच : पडदा पडला की मोबाइलनं त्याचा फोटो काढा. वाचण्याआधीच तो जात असेल, तर आपोआप रीस्टार्ट होण्याची सोय बंद करून घ्या. दुकानात 'आधी रॅम आणि डिस्क तपासा' असं सांगा, आणि फाईलींची नक्कल हातात पडल्याशिवाय फॉरमॅटला हो म्हणू नका. तपासणीचे पैसे मात्र द्या.

२०२५ साली विंडोज ११ मध्ये हा पडदा काळा झाला आणि २०१२ पासूनचा तो रडका चेहराही गेला. कारण मात्र अजून लिहून येतं.

वडिलांच्या आठवणी मी पुन्हा टाइप करायला घेतल्या आहेत. आठवून आठवून अकरा पानं झाली; दोन ठिकाणी ठेवतो. वस्तऱ्याचं ते वाक्य पहिल्याच पानावर होतं. तेवढं शब्दाला शब्द आठवलं.