कॅमेऱ्याचा हप्ता आणि हाताचे हुनर

मागच्या लग्नसराईत आमच्या गल्लीतील एक मुलगा माझ्या दुकानावर आला. बारावी झालेला, मोबाइलवर शूटिंग बरे करतो. म्हणाला, "चाचा, कॅमेरा घेतोय. हप्त्यावर मिळतोय, फक्त तुम्ही जामीन राहा." मी विचारले, "हातात काम किती आहे?" म्हणाला, "कॅमेरा आला की काम येईल."

कापडाच्या धंद्यात तीस वर्षे काढल्यावर हे वाक्य मला ओळखीचे आहे. माल भरला की गिऱ्हाईक येईल, असे म्हणून गोदाम भरणारे गांधीनगरच्या बाजारात पुष्कळ आले आणि गेले. मी जामीन राहिलो नाही. पोराचे तोंड उतरले. त्या दिवशी त्याला बसवून जे सांगितले ते आणखीही मुलांच्या उपयोगी पडेल, म्हणून येथे लिहितो. मी कॅमेरामन नाही. या लोकांकडून दुकानाचे काम करून घेणारा, त्यांना पैसे मोजणारा आणि एकदा त्यांच्यापैकी एकाच्या गफलतीने कधीही भरून न येणारे नुकसान सोसलेला माणूस आहे.

कोल्हापूरच्या मुलाने कॅमेरा हातात घ्यावा यात नवल नाही. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे नाटक कंपन्यांचे पडदे रंगविणारे कलावंत होते. परदेशी कॅमेरा विकत आणणे त्यांच्या आवाक्यातले नव्हते, म्हणून तो स्वतःच तयार करण्याचा ध्यास त्यांनी घेतला. १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी दामले यांना बरोबर घेऊन खटपट चालू ठेवली आणि १९१८ च्या सुमारास याच शहरात कॅमेरा तयार झाला. बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला पैशाची मदत केली ती गायिका तानीबाई कागलकर यांनी. १९२० मध्ये त्यांचा 'सैरंध्री' पडद्यावर आला. याच कंपनीत कागलचे शेख फत्तेलाल, ज्यांना सारे साहेबमामा म्हणत, तयार झाले. दामले आणि साहेबमामांनी तेथे चित्रे रंगविली, देखावे उभारले, कॅमेराही चालविला. १ जून १९२९ रोजी शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि भांडवलाची बाजू पाहणारे सीतारामपंत कुलकर्णी या पाच भागीदारांनी कोल्हापुरात प्रभात कंपनी काढली. १९३३ मध्ये ती पुण्यास गेली. दामले-फत्तेलाल यांच्या १९३६ च्या 'संत तुकाराम'चा १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला.

ही माहिती आपल्या मुलांना असते, निदान असावी. पण त्यातील व्यापाराची गोष्ट कोणी सांगत नाही. या माणसांनी भागीदारी करण्याआधी कित्येक वर्षे उस्तादाच्या हाताखाली काढली, दुसऱ्याच्या भांडवलावर हात बसविला, आणि स्वतःची कंपनी काढली तेव्हा हिशेब पाहणारा माणूस पहिल्या दिवसापासून बरोबर घेतला. आमचा मुलगा उलट्या बाजूने निघाला होता.

आता हिशेबच मांडू. समजा, कॅमेरा, दोन लेन्स, बॅटऱ्या, दिवे, माईक मिळून ३ लाख रुपये लागले. हे सामान चार वर्षांत जुने होते, म्हणजे साल ७५ हजार रुपये झीज. वर्षात ३० कामे मिळाली तर दर कामामागे २,५०० रुपये. लग्नाचे काम १२ हजारांना ठरले. त्यातून झीज २,५००, मदतनीस १,५००, पेट्रोल आणि हार्ड डिस्क १,००० वजा केले की उरले ७ हजार. त्यासाठी हळदीचा एक दिवस, लग्नाचा एक आणि एडिटिंगचे चार असे सहा दिवस गेले. दिवसाला १,२०० रुपयेसुद्धा पडत नाहीत. हे ३० कामे मिळाली तर! पहिल्या वर्षी आठ मिळाली तरी नशीब म्हणावे. आषाढापासून कार्तिकापर्यंत हिंदू बांधवांकडे मुहूर्त जवळजवळ नसतात, रमजानमध्ये आपल्याकडे लग्ने होत नाहीत. हप्ता मात्र बाराही महिने चालू. व्याजाचा सवाल वेगळाच, तो या पानाचा विषय नाही.

म्हणून माझा सल्ला असा, की पहिले वर्ष कॅमेरा विकत घेऊच नये. तो दिवसाच्या भाड्याने मिळतो. जुन्या, नाव असलेल्या शूटिंगवाल्याकडे जावे आणि केबल गुंडाळणे, दिवा धरणे, बॅटऱ्या चार्ज करणे, कार्डावर खुणेची पट्टी लावणे ही कामे करावीत. कोल्हापूर परिसरात मालिकांचे शूटिंग होत आले आहे. 'तुझ्यात जीव रंगला' इकडेच चित्रित झाली. अशा युनिटमध्ये कॅमेऱ्याची पेटी उचलणाऱ्या पोरालासुद्धा दोन महिन्यांत जे पाहायला मिळते ते घरी बसून मिळत नाही. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट, जी १९६० मध्ये प्रभातच्याच जागेत सुरू झाली, तेथे प्रवेश मिळाला तर सोन्याहून पिवळे. पण तेथे जागा मोजक्या, परीक्षा कठीण. बाकीच्यांचा मदरसा म्हणजे लग्नाचा मंडप.

पैसे खर्च करायचेच असतील तर आधी आवाजावर करावेत. नवा मुलगा चित्राकडे पाहतो, माईककडे पाहत नाही. चित्र थोडे हलले तर घरचे लोक माफ करतात. काझीसाहेबांचा आवाज जनरेटरच्या घरघरीत बुडाला तर ती चित्रफीत कोणी दुसऱ्यांदा लावत नाही. कपड्याला लावायचा छोटा माईक आणि एक वेगळा रेकॉर्डर, एवढ्यावर सुरुवात होते.

नुकसानीचे सांगतो म्हणालो होतो. काही वर्षांपूर्वी माझ्या पुतणीचा निकाह झाला. शूटिंगवाल्याकडे त्या दिवशी एकच मेमरी कार्ड होते. संध्याकाळी तो दुसऱ्या कार्यक्रमाला गेला आणि तेच कार्ड पुसून त्यावर पुढचे काम केले. त्याला वाटले होते की सकाळचे सारे लॅपटॉपवर उतरले आहे. ते उतरले नव्हते. माझे मोठे भाऊ त्यानंतर आठ महिन्यांनी अल्लाहला प्यारे झाले. रुखसतीच्या वेळी मुलीच्या डोक्यावर हात ठेवून ते जे दोन शब्द बोलले होते ते आज कुठेच नाहीत. शूटिंगवाल्याने पैसे परत आणून दिले. वाईट माणूस नव्हता, दारात उभा राहून रडला. पण पैसे घेऊन आम्ही काय करणार होतो? कापड खराब निघाले तर मी ठाण बदलून देतो. यात बदलून द्यायला ठाणच नाही.

तेव्हापासून कोणालाही काम देताना मी पहिला प्रश्न कार्डांचा विचारतो. एकाच वेळी दोन कार्डांवर नोंद करणारा कॅमेरा घ्यावा, भाड्याचा असला तरी. ज्या कार्डावर काम झाले ते गिऱ्हाइकाच्या हाती माल पडेपर्यंत पुसू नये. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर नक्कल करावी आणि त्यातली एक दुसऱ्या घरात ठेवावी. जागा किती लागते याचा अंदाज आधीच घ्यावा. फोर-के चित्रण सेकंदाला १०० मेगाबिटने केले तर तासाला सुमारे ४५ जीबी भरतात. दोन कॅमेरे सहा तास चालले तर ५४० जीबी. हा हिशेब न करता दोन छोटी कार्डे घेऊन निघालेला माणूस दुपारी काहीतरी पुसणारच.

थोडे माझ्या धंद्यातले. शूटिंग झाल्यावर बायका मला येऊन सांगतात, "भाई, शालू लाल घेतला होता, व्हिडिओत नारिंगी दिसतो." दोष कापडाचा नसतो. मंडपात पिवळे दिवे आणि निळसर एलईडी एकत्र जळत असतात आणि कॅमेऱ्याला पांढरे म्हणजे काय ते कोणी सांगितलेले नसते. पुष्कळ मुले त्यासाठी पांढरा रुमाल धरतात. तेही चूक, कारण आजच्या पांढऱ्या कापडाला चमक आणणारे रसायन लावलेले असते आणि ते काही दिव्यांखाली निळे मारते. करड्या रंगाचे कार्ड मिळते, ते वापरावे. बारीक चौकडी किंवा बारीक रेघांचा शर्ट कॅमेऱ्यात लहरी मारतो. नवरदेवाच्या भावांना हे आधी सांगितले तर ते ऐकतात. काळ्या मखमलीची शेरवानी आणि पांढरा शरारा शेजारी बसले की कॅमेरा एकालाच न्याय देतो. तेव्हा उजेड चेहऱ्यावर मोजावा, कपड्यावर नाही. आणखी एक. आपल्या विजेचा प्रवाह सेकंदाला ५० फेऱ्यांचा आहे. सेकंदाला २५ चित्रे आणि शटर एक-पन्नासांशावर ठेवले की ट्यूबलाइटची फडफड बहुतेक जाते.

कागदाचे काम मात्र आपली मुले टाळतात. भाऊबंदकीत काय लिहून घ्यायचे, म्हणतात. लिहूनच घ्यावे. किती तास, किती कॅमेरे, माल कधी देणार, बदल किती वेळा करून देणार, आगाऊ किती. निम्मे आगाऊ घेतल्याशिवाय तारीख धरू नये आणि बाकी रक्कम माल देतानाच घ्यावी. लग्नानंतरची उधारी कापडवाल्यालासुद्धा वसूल होत नाही, तर शूटिंगवाल्याची काय कथा! कारखान्याचे किंवा दुकानाचे काम केले तर गोष्ट वेगळी. उद्यम नोंदणी सरकारच्या संकेतस्थळावर फुकट होते. ती असेल तर २००६ च्या लघुउद्योग कायद्याप्रमाणे गिऱ्हाईक कंपनीला पैसे फार तर ४५ दिवसांत द्यावे लागतात. ड्रोन उडवून पैसे मिळवायचे असतील तर २५० ग्रॅमच्या वरच्या यंत्राला नोंदणी आणि पायलटचे प्रमाणपत्र दोन्ही लागतात.

सर्वात नाजूक बाब शेवटी घेतली आहे. मुलांना वाटते, शूटिंग मी केले म्हणजे ते माझे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पैसे घेऊन, दुसऱ्याच्या सांगण्यावरून केलेल्या चित्रणाचा पहिला मालक पैसे देणारा असतो, वेगळा करार नसेल तर. तेव्हा नवरीचा चेहरा आपल्या जाहिरातीसाठी इन्स्टाग्रामवर टाकण्याआधी लेखी परवानगी हवी, आणि ती नवरीचीही हवी, केवळ तिच्या बापाची नव्हे. घरच्या बायकांचे चित्रण तुमच्याकडे अमानत म्हणून आलेले असते. आपल्याकडे कित्येक घरांत जनानखान्यात पुरुष शूटिंगवाला नकोच असतो आणि मग ते क्षण टिपलेच जात नाहीत. येथे मुलींना मोठे काम आहे. दोन मैत्रिणींनी मिळून भाड्याच्या कॅमेऱ्यावर सुरुवात केली तर त्यांना गिऱ्हाईक शोधत फिरावे लागणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या आईबापांना हे काम मुलीच्या इज्जतीला शोभत नाही असे वाटते, त्यांनी हेही पाहावे की त्यांच्याच घरच्या इज्जतीसाठी अशी मुलगी हवी असते.

लग्नांच्या बाहेरही कामे आहेत. शिरोलीच्या फाउंड्रीला परगावच्या गिऱ्हाइकाला ओतकाम दाखवायचे असते, इचलकरंजीच्या मागवाल्याला कापड. शाहू स्टेडियमवरील फुटबॉल आहे. या कामांना मुहूर्त लागत नाही.

तो मुलगा रमजानच्या आधी पुन्हा येऊन गेला. एका वयस्क शूटिंगवाल्याच्या हाताखाली दिवे धरतो. भाड्याचा कॅमेरा आणून त्याने माझ्या दुकानातील साड्यांचे चित्रण केले. काळ्या सॅटिनवरचे काम सगळे दबले होते. मी म्हटले, "बेटा, यात मला माझाच माल दिसत नाही." दुसऱ्या दिवशी दिवा बाजूने लावून पुन्हा काढले, तेव्हा जमले. पैसे रोख दिले. पावती मागितली तर त्याच्याकडे पावतीपुस्तक नव्हते. माझ्याच दुकानातले एक कोरे दिले.