१४,५६१ मतांची गोष्ट

डॉ. बाबासाहेब आंबेडकर लोकसभेसाठी दोनदा उभे राहिले आणि दोन्ही वेळा पडले. निवडणूक आली की हा विषय हमखास निघतो. कोणी पाडले यावर सत्तर वर्षे भांडण चालू आहे. कसे पडले, ते मात्र क्वचितच कोणी समजावून सांगतो. खरे तर छोट्या पक्षाचे आजचे दुखणेही त्यातच आहे.

१९५१च्या सप्टेंबरात मंत्रिपद सोडून ते उत्तर मुंबईतून उभे राहिले. पक्ष शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, निशाणी हत्ती. मतदारसंघ दुहेरी होता, एक जागा सर्वसाधारण आणि दुसरी राखीव. मतदाराच्या हाती दोन मतपत्रिका, प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी. दोन्ही पत्रिका एकाच पेटीत पडल्या तर एक बाद! आणि राखीव जागेवरचा खासदारही सगळे मतदार मिळून निवडणार. म्हणजे फेडरेशनचा प्रत्येक माणूस मतदानाला आला तरी भागणार नव्हते. मित्रपक्ष असलेल्या समाजवाद्यांची, इतरांची दुसरी मते हत्तीच्या पेटीत पडायला हवी होती. ती पुरेशी पडली नाहीत. राखीव जागेच्या लढतीत आंबेडकरांना १,२३,५७६ मते मिळाली, काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांना १,३८,१३७.

एवढ्या लोकांनी मत दिले आणि लोकसभेत त्यांचा आवाज शून्य.

१९५४मध्ये भंडाऱ्याची पोटनिवडणूक आली. तिथेही मतदारसंघ दुहेरीच होता, सोबत सर्वसाधारण जागेवर समाजवादी अशोक मेहता. आपले दुसरे मत मेहतांना न देता वाया घालवले तर बाबासाहेबांचा फायदा होईल, असे फेडरेशनच्या कार्यकर्त्यांचे गणित होते. बाबासाहेबांनी त्याला साफ नकार दिला. मेहता निवडून आले, बाबासाहेब ८,३८१ मतांनी पडले. छोट्या पक्षाला सौदेबाज म्हणणाऱ्यांनी भंडारा आठवावा. इथे छोट्या पक्षाच्या मतदारांनी मित्राला पोहोचवले. मित्राच्या बाजूने तेवढी मते परत आली नाहीत.

आजही छोट्या पक्षाच्या उमेदवाराला ‘मते खाणारा’ म्हणतात. हा शब्द अपमानकारक आहे, उमेदवारापेक्षा मतदाराचा जास्त. मत ज्याला दिले त्याचेच असते. ते आधी दुसऱ्या कोणाच्या ताटात वाढलेले नसते. युती हवी असेल तर मोठ्या पक्षांनी नुसती जागा सोडून हात झटकू नयेत, आपले मतदार त्या निशाणीपर्यंत चालवत न्यावेत.

ते होऊ शकते.  १९५७मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीतले पक्ष एकत्र लढले, एकमेकांसाठी मते मागत गावोगाव फिरले. त्या वेळी नाशिकमधून फेडरेशनचे दादासाहेब गायकवाड लोकसभेत गेले. बाबासाहेबांना जाऊन तेव्हा काही महिनेच झाले होते.