गटाराचे पाणी कोणाचे?

तालुक्याच्या गावाला जायचे तर वेशीवर नाल्याचा वास आधी भेटतो. नगरपालिकेचे उत्तर ठरलेले : योजना वर मंजुरीला गेली आहे. मंजुरी येईपर्यंत घाण खालच्या गावांच्या विहिरींशेजारून वाहणार.

वरून आलेल्या मोठ्या योजनेला नाही म्हणणारे एक लहान गाव अमेरिकेत आहे. कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागात, हम्बोल्ट खाडीच्या काठचे आर्केटा. वस्ती आजही १९ हजारांच्या आसपास. १९७४ साली राज्याने धोरण ठरवले : खाडीत सांडपाणी सोडायचे नाही, सोडायचेच तर त्याने खाडीचे भले होते हे सिद्ध करा. तज्ज्ञांचा तोडगा असा, की आसपासच्या गावांचे पाणी एका बड्या केंद्रात आणावे आणि नळाने खुल्या समुद्रात ढकलावे. खर्च कोट्यवधी डॉलरचा.

आर्केटाने विचारले, पाणी फेकायचेच कशाला? तिथल्या विद्यापीठात जॉर्ज ॲलन सांडपाण्यात समुद्राचे पाणी मिसळून माशांची पिल्ले वाढवीत होते. रॉबर्ट गिअरहार्ट यांनी १९७९ पासून तीन वर्षे लहान वाफ्यांत पाणवनस्पती लावून पाणी किती निवळते ते मोजले. शेतकरी नवे बियाणे आधी चार तासांत पेरून पाहतो, तीच ही रीत. राज्याला परवानगी द्यावी लागली. १९८६ साली जुन्या कचरा डेपोच्या आणि लाकूड गिरण्यांच्या पडीक जागेवर पाणथळ तयार झाली. आज तिथे पक्षी पाहायला लोक येतात.

काम साधे आहे. आधी गाळ खाली बसतो. मग उथळ तळ्यांत ऊन, शेवाळ आणि जिवाणू घाण खातात. पुढे लव्हाळ्या-पाणकणसांतून पाणी सावकाश सरकते. शेवटी जंतू मारून ते सोडतात. गाळाचे खत होते.

हे फुकटात होत नाही. जागा भरपूर लागते, देखभाल रोजची. आर्केटालाही अलीकडे जुन्या यंत्रणेचे नूतनीकरण हाती घ्यावे लागले. कारखान्याचे विष तळ्यात मरत नाही. ते वेगळेच ठेवले पाहिजे.

आता आपला हिशेब. वीस हजार वस्तीचे गाव, माणशी ८० लिटर सांडपाणी, म्हणजे रोज १६ लाख लिटर. चौथा हिस्सा उडाला-जिरला तरी १२ लाख उरते. एकरभर कपाशीला दोन इंच पाणी द्यायला सुमारे २ लाख लिटर लागतात. म्हणजे रोज सहा एकर, महिन्याला १८० एकर. बोंडे भरताना पावसाने ताण दिला तर एवढे एक ओलीत काय करते ते कोरडवाहू शेतकऱ्याला सांगायला नको. कच्च्या खाण्याच्या भाजीपाल्याला हे पाणी नको, कपाशीला चालेल.

या पाण्याला गिऱ्हाईकही आहे. नागपूरच्या भांडेवाडीत शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जाते. शहराची घाण आमच्या नाल्यात आणि शुद्ध पाणी दुसऱ्याच्या दारात, ही वाटणी आम्हाला मान्य नाही.

म्हणून प्रत्येक तालुक्याने नगरपालिकेला लेखी विचारावे : रोज किती पाणी नाल्यात जाते? त्यात कोणत्या कारखान्याचे पाणी मिसळते? एका एकरावर चाचणी कधी सुरू करता? आणि निवळलेल्या पाण्यावर पहिला हक्क, इतकी वर्षे घाण सोसणाऱ्या खालच्या गावांचा.

गाव करी ते राव न करी. पण गावाने आधी करायला घेतले पाहिजे.