आपलेच पैसे, आपलाच अर्ज

विषय जरा रुक्ष आहे, जीएसटीचा. पण ज्यांनी फ्लॅट बुक करून नंतर रद्द केला असेल, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

लेकीजवळ राहावं म्हणून जून 2021 मध्ये आम्ही पुण्यात, बांधकाम चालू असलेल्या इमारतीत फ्लॅट बुक केला. बिल्डरला 8 लाख 40 हजार दिले, शिवाय त्यावर 5 टक्के जीएसटी, म्हणजे 42 हजार. पुढे जावयांची बदली बंगळुरूला झाली. लेकच तिथे नाही तर आम्ही कुणासाठी जायचं? फेब्रुवारी 2023 मध्ये बुकिंग रद्द केलं. बिल्डरने मुद्दल परत दिलं. जीएसटीचं विचारलं तर म्हणाला, "मॅडम, तो सरकारजमा झाला. तो विसरा आता."

आमचे हेसुद्धा म्हणाले, "सोडून दे." पण मला काही ते पटेना. घरच मिळालं नाही, तर घरावरचा कर कसला?

माझा भाचा सीए आहे. तो म्हणाला, "मावशी, सोडू नकोस." त्याने समजावून सांगितलं ते असं. बिल्डर क्रेडिट नोट काढून कर परत देऊ शकतो, पण त्याची मुदत पुढच्या आर्थिक वर्षातल्या 30 नोव्हेंबरपर्यंतच. आमची ती 2022 मध्येच संपली होती. अशा ग्राहकांसाठी 27 डिसेंबर 2022 च्या परिपत्रकाने वाट काढून दिली आहे. पॅनवरून पोर्टलवर तात्पुरती नोंदणी करायची, आधारची पडताळणी करायची आणि रद्द केल्याच्या पत्रापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करायचा. सोबत बिल्डरचा दाखला लागतो, की हा कर मी भरला आहे आणि तो दुसरीकडे वळता करून घेतलेला नाही.

त्या दाखल्यासाठी चार हेलपाटे झाले. पहिला अर्ज त्रुटी काढून परत आला, कारण दाखल्यावर सहीच नव्हती! जन्मभर मुलांच्या वह्या तपासल्या आणि हा कागद तपासायचा राहिला. नवा अर्ज केला, दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. अखेर 73 व्या दिवशी 42 हजार खात्यात जमा झाले.

आता माझं मत. कागदपत्रं मागतात याबद्दल माझी तक्रार नाही. ज्याच्या खिशातून कर गेला त्यालाच तो परत मिळावा, हे योग्यच. दुकानदाराने गिऱ्हाइकाकडून वसूल केलेला जादा कर स्वतःच्या खिशात घालू नये, म्हणून अशी रक्कम ग्राहक कल्याण निधीत जाते. हेही पटलं.

पटत नाही ते व्याज. कर भरायला उशीर झाला तर सरकार 18 टक्क्यांनी व्याज घेतं. परतावा द्यायला 60 दिवसांच्या वर उशीर झाला तर सरकार देतं 6 टक्के. उशीर तोच, मग मोजपट्टी दोन का? आणि रक्कम हजार रुपयांच्या आत असेल तर परतावा मिळतच नाही. हजार रुपये कुणाला क्षुल्लक वाटत असतील, माझ्या शाळेतल्या कित्येक मुलांच्या घरी वाटत नव्हते.

बेरजेत माझी चूक झाली तर मुलं वही घेऊन यायची. मी गुण वाढवून द्यायचे, जास्त पडले असतील तर कमीही करायचे. अर्ध्या गुणासाठीसुद्धा "जाऊ दे रे" म्हणायचे नाही. मोठ्यांच्या हिशेबात निराळा नियम कशाला?

आणखी एक. माझ्या घरात सीए आहे, म्हणून हे जमलं. ज्यांच्या घरात नाही, ते बिल्डरचं ऐकून गप्प बसतात. बुकिंग रद्द होताच हा दाखला ग्राहकाच्या हातात ठेवण्याची सक्ती बिल्डरवर करायला हवी. तोवर आपणच सावध राहावं. रद्द केल्याचं पत्र तारखेसह घ्या, पावत्या जपा आणि दाखल्यावरची सही बघा.

वरच्या 13 दिवसांचं व्याज 89 रुपये 75 पैसे होतं. ते आलेलं नाही. मी पत्र लिहिलं आहे. हे हसतात. हसोत बापडे!