मुलींचे शनिवारचे मंडळ

आमच्या वसतिगृहात दर शनिवारी दुपारी मुलींचे मंडळ भरत असे. अध्यक्षा, चिटणीस, खजिनदार आळीपाळीने होत. वर्गणी चार आणे, पण हिशेब पैशापैशाचा. मी चिटणीस असताना इतिवृत्तात 'सर्वानुमते' असे लिहिले. पुढच्या सभेत आठवीतली एक मुलगी उठून म्हणाली, "ताई, माझा विरोध होता." मला ते सर्वांसमोर दुरुस्त करावे लागले. तेव्हा राग आला होता!

लग्नानंतर खेड्यात आले. तेथे महिला सदस्यांच्या सह्या घरपोच घेतल्या जात. ठरावात काय लिहिले आहे हे त्यांना कोणी वाचून दाखवीत नसे. २०११ पासून राज्यातील ग्रामपंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत, तरी बोलतात बहुधा त्यांचे यजमानच. आमच्या बचत गटात मी सहीपूर्वी इतिवृत्त मोठ्याने वाचण्याचा प्रघात पाडला. दुसऱ्याच महिन्यात एक शेतमजूर बाई म्हणाली, "हे मी बोललेच न्हाई." मला ती आठवीतली मुलगी आठवली.

२० जुलै १९४२ रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद भरली. बाबासाहेबांच्या उपस्थितीत आपल्या स्त्रियांनी ठराव मांडले, संमत केले. सभेची ही रीत आपल्या आज्यांना ठाऊक होती.

हल्ली शनिवार सराव परीक्षांना दिला जातो. हेतू चांगला असला तरी मला ही चूक वाटते. ती एक दुपार मुलींना परत द्यावी; वह्यांचा खर्च आम्ही माजी विद्यार्थिनी करू.